चाकावरचं कुंकू

जुनी म्हटलं की मला राग येत नाही, मित्रांनो. माझ्या वयाच्या बहुतेक सायकली कधीच भंगारात गेल्या. मी अजून रस्त्यावर आहे, यातच मला देवाची कृपा वाटते. माझं अंग पोलादाचं, रंग गडद निळा, आणि सीटखालच्या नळीवर एक बारीक सोनेरी रेघ आहे. कारखान्यातल्या एका बाईंनी श्वास रोखून ती हातानं ओढली होती. रेघ सरळ आली तेव्हा त्या स्वतःशीच हसल्या. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक.

मिशिगनमधल्या ॲन आर्बर नावाच्या गावी माझी कामाची वर्षं गेली. हे विद्यापीठाचं गाव. एका प्राध्यापकांना मी रोज वर्गापर्यंत नेत असे. ते रुमालानं माझी घंटा पुसत, चेनला तेल देत, हिवाळ्यात मला घरात घेत. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले आणि त्यांनी मला एका विद्यार्थ्याला देऊन टाकलं. त्यानं मला वाचनालयाबाहेरच्या रॅकला कुलूप लावून बांधलं, आणि शिक्षण संपल्यावर किल्ली घेऊन तो निघून गेला. मी मात्र तिथेच राहिले. बर्फ पडायचं, वितळायचं, पुन्हा पडायचं. चेन गंजून ताठ झाली. एका खारीनं माझ्या सीटमधला स्पंज तिच्या घरट्यासाठी नेला. निदान कुणाला तरी ऊब मिळाली, असं मी मनाला समजावत असे.

मालक नसलेल्या सायकली उन्हाळ्यात कुलूप कापून नेतात, तशी मलाही नेली. तिथून मी एका दुरुस्तीच्या शेडमध्ये पोचले, आणि तिथेच मला सावनी भेटली. सावनी मूळची मिरजेची, इथे पीएचडी करायला आलेली. तिनं माझा गंज घासला, चाकांच्या तारा एकेक करून सरळ केल्या, आणि कामाच्या नादात माझ्याशी मराठीत बोलली. मला भाषा कळली नाही, पण हात कळला.

त्याच सुमारास तिच्या कानावर एका शर्यतीची बातमी आली. ॲन आर्बरपासून ओहायोतल्या डब्लिनपर्यंत, तीन दिवस, तीन टप्पे. शर्यत अगदी कोवळी, यंदा तिचं दुसरंच वर्ष. पण नियम जुन्या काळचे. लांब पल्ल्याच्या शर्यती नुकत्या सुरू झाल्या होत्या तेव्हा स्वाराला आपली सायकल वाटेत आपणच नीट करावी लागे. तसंच इथेही. सायकल जुनी पोलादी हवी, आणि दुसऱ्या कुणाचा दुरुस्तीचा हात तिला लागला तर स्वार बाद.

डब्लिनला सावनीची सुलेखा मावशी राहते. तिचे यजमान उल्हास काका एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि बागेचे भारी शौकीन. इकडे लोक जुन्या सायकलीला पांढरा रंग फासून अंगणात उभी करतात आणि तिच्या टोपलीत पिटुनियासारखी फुलझाडं लावतात. काकांचा माझ्यावर तोच डोळा होता. सावनीला दूर पश्चिम किनाऱ्याकडे, बॉथेल गावी नोकरी लागली होती, शर्यतीनंतर तिला तिकडे जायचं होतं. काका फोनवर म्हणाले, "ते खटारं तिकडे कशाला नेतेस? माझ्या पिटुनियांना दे." सावनीनं थोडा विचार केला. "डब्लिनपर्यंत स्वतःच्या चाकांवर पोचली तर नेईन, काका. नाही पोचली तर तुमची."

मित्रांनो, पिटुनियाशी माझं काही वैर नाही. पण जिनं वाट चालायची, तिनं मातीचं ओझं घेऊन जन्मभर एका जागी उभं राहायचं? मला धडकीच भरली.

पहिले दोन दिवस बरे गेले. शेतांमधले सपाट रस्ते, कडेला वाळलेला मका, समोरून वारा. स्वार एकमेकांच्या आडोशानं रांगेत चालत. शशिकांत काका नावाचे एक मराठी स्वार त्या रांगेच्या शेवटी असत. साठी उलटलेले, मूळचे नागपूरचे, बॉथेलहून खास या शर्यतीसाठी आलेले. सावनी मागे पडली की म्हणत, "ये बाई, तू आलीस की माझा शेवटचा नंबर हुकतो."

दुसऱ्या मुक्कामी संध्याकाळी सुलेखा मावशी गाडी चालवत आली. डब्यात साटोऱ्या आणि पिशवीत पूजेचं ताट. त्या दिवशी खंडेनवमी होती. ज्या अवजारावर आपलं काम चालतं त्याच्यापुढे त्या दिवशी हात जोडायचे, हा मावशीचा लहानपणापासूनचा नेम. घरच्या शिलाई मशीनला आणि विळीला गंध लावूनच ती निघाली होती. हॉटेलच्या पार्किंगमध्ये तिनं माझ्यापुढे पाट मांडला. शर्यतीच्या व्यवस्थापक बाई धावत आल्या. ही दुरुस्ती तर नव्हे ना, असं त्यांनी विचारलं. सावनीनं पूजा समजावून सांगितली, तेव्हा त्या हसून म्हणाल्या की आशीर्वादाला नियमांत बंदी नाही.

मावशीनं हँडलला झेंडूची माळ घातली. शेंडीचा नारळ फोडला. कोरडं कुंकू वाऱ्यानं उडून जाईल म्हणून तिनं ते खोबरेल तेलात कालवायचं ठरवलं. थंडीनं तेल गोठलेलं होतं. तिनं बाटली गाडीच्या हिटरपुढे धरून तेल पातळ केलं, आणि माझ्या दोन्ही चाकांच्या कडेवर, जिथे ब्रेकची रबरं घासतात नेमकं तिथे, सुरेख स्वस्तिकं काढली. मग चाक कोरडं दिसतंय म्हणून उरलेलं तेल तिनं सगळ्या कडेला मायेनं चोळलं. सावनी एव्हाना आत अंघोळीला गेली होती. माझा जीव खालीवर झाला, पण सायकलीला कुठे बोलता येतं? इतक्या वर्षांत इतक्या प्रेमानं मला कुणी हात लावला नव्हता, आणि तोच हात चुकत होता.

रात्रीच्या थंडीत ते तेल मेणासारखं जमून बसलं. सकाळी सावनीनं स्वस्तिकं पाहिली आणि नमस्कार केला. तेल तिच्या नजरेस पडलं नाही. वाटेत एका चौकात ब्रेक जरा घसरल्यासारखा झाला, तेव्हा दवानं असेल, असं तिला वाटलं.

दुपारच्या उन्हानं तेल पुन्हा पातळ झालं, आणि तेवढ्यात नदीकडे जाणारा उतार लागला. खाली वळण, वळणापलीकडे पूल. सावनीनं ब्रेक दाबला. रबरं नुसतीच सुळकन घसरली. तिनं दोन्ही ब्रेक आवळले, तरी माझा वेग वाढतच गेला. मिरजेला भावाच्या बिनब्रेकच्या सायकलीवर ती शिकली होती. तिनं बुटाचा तळवा माझ्या मागच्या टायरवर टेकवला, वळण येण्याआधीच हँडल फिरवलं आणि मला कापणी झालेल्या सोयाबीनच्या शेतात घातलं. आम्ही दोघी धसकटांवरून खडखडत गेलो आणि आडव्या झालो.

सावनीचं कोपर खरचटलं होतं. बाकी काही नाही. ती उठली ती आधी माझं चाक फिरवून बघायला. चाक सरळ होतं. मग तिनं कडेवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि डोळेच मिटून घेतले.

शशिकांत काका मागून जपून उतरत आले आणि थांबले. "लागलं का गं?"

"नाही काका. ब्रेकला खोबरेल लागलंय. मावशीनं पूजा केली ना."

 काकांनी आपली सायकल आडवी ठेवली आणि ते बांधावर बसले. "मला हात लावता येत नाही. तोंड चालवायला मात्र बंदी नाही. पुसायला काय आहे तुझ्याकडे?"

सावनीनं पाठीवरची पिशवी उपडी केली. रुमाल तेलानं नुसताच माखला. साबण नाही, पाणी थोडंसंच. चारच्या आत डब्लिनला पोचायचं होतं, नाहीतर स्वार बाद. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, तुम्ही व्हा पुढे. उगाच तुमचा वेळ जातोय."

"मी काय जिंकायला आलोय का? घरी ही म्हणते, जरा बाहेर जात जा. गेलो." त्यांनी पिशवीतून सांडलेल्या सामानाकडे बोट केलं. "तो नारळ कसला?"

प्रसादाची अर्धी वाटी होती ती, वर शेंडीचा झुपका तसाच. सावनी बघत राहिली. तेलकट भांडी तिची आई कशानं घासते, ते तिला आठवलं असावं. तिनं शेंडी ओढून काढली, शेतातली कोरडी माती चिमटीनं घेतली, आणि माझं एकेक चाक घासायला बसली. लाल चिखल निघत होता. घासायचं, झटकायचं, नवी माती घ्यायची. मग ब्रेकची रबरं सोडवून तिनं ती रस्त्याच्या खरखरीत डांबरावर घासली. काका मधूनमधून म्हणत होते, "आतली बाजू राहिली," आणि प्रसादाचं खोबरं खात होते.

तिनं ब्रेक दाबला. कर्र्‌ असा कर्कश आवाज झाला आणि चाक जागच्या जागी थांबलं. इतका गोड आवाज मी आजवर काढलेला नाही.

आम्ही डब्लिनला पोचलो तेव्हा चार वाजायला थोडंच राहिलं होतं, आणि व्यवस्थापक बाई घड्याळाकडेच बघत उभ्या होत्या. सावनी शेवटून दुसरी आली, आणि शशिकांत काकांनी आपला नंबर राखला. सावनीनं माझ्या दांड्यावर डोकं टेकलं. तिच्या मनावरचं ओझं उतरलं आणि माझ्यावरचंही. उल्हास काका पुढे आले, त्यांनी मला खालवर न्याहाळलं आणि ते म्हणाले, "बरं. ने बॉथेलला. पिटुनिया कुंडीतच बऱ्या."

मावशी निरांजन घेऊन उभी होती. तिनं सावनीला ओवाळलं, मग माझ्याकडे वाकली. "अगंबाई, स्वस्तिकं पुसली कशी?"

सांगू नये असं सावनीला वाटलं असेल. पण तिनं हळू आवाजात सगळं सांगितलं, काही न लपवता, काही न वाढवता. मावशी ताट घेऊन गवतावर बसली.  तिनं सावनीचं खरचटलेलं कोपर हातात घेतलं. "माझ्या हातून काय झालं असतं गं."

"झालं नाही ना, मावशी. आणि घासलंही तुझ्याच नारळानं."

मावशीनं डोळे पुसले, देवाला हात जोडले. चिमटीत कुंकू घेतलं, कोरडंच, आणि बोट हवेत थांबवून विचारलं, "आता सांग, कुठे लावू?"

सावनीनं हँडलखालची जागा दाखवली. मावशीनं तिथे लहानसा ठिपका लावला. "उडालं तर उडू दे. पुन्हा लावीन."

मित्रांनो, वस्तूंवर माया जरूर करा. गंज येऊ देऊ नका, कुलूप लावून विसरू नका. पण माया करण्याआधी एक प्रश्न विचारायला लाजू नका. कुठे तेल द्यायचं, कुठे नाही, ते ज्याला ठाऊक असेल त्याला विचारा. मावशीनं विचारलं त्या घटकेला मी अगदी निर्धास्त झाले. तो हात आता कुठेही फिरला तरी मला भीती नाही.