दाखल्यात नसलेला शिपाई

“पण पाळकसाहेब, दारावरचा शिपाई कुठाय या दाखल्यात?”

चर्चमधल्या रविवारच्या बायबल-वाचनवर्गात सगळे हसले. विचारणारा स्वतःच सरकारी कचेरीत साहेबांच्या दारावरचा शिपाई, निवृत्तीला चार महिने उरलेला. शेजारी बसलेल्या बायकोने कपाळावर हात मारला. “यांना शुभवर्तमानातसुद्धा नोकरी पाहिजे!”

पाळक मात्र खुशीत आले. अन्यायी न्यायाधीश आणि न्याय मिळेपर्यंत त्याचा पिच्छा न सोडणारी विधवा, हा येशूने सांगितलेला दाखला प्रार्थनेचा म्हणून सगळ्यांना तोंडपाठ होता. त्यांना त्यामागचा काळ उलगडून दाखवायचा होता. “अहो, होता ना! तेव्हा न्यायाधीश चारचौघांत बसायचा, भोवती कारकुनांचं कडं. चिरीमिरी देईल त्याचा पुकारा आधी. आणि बाईनं तिथं बोलायचंच नाही. बाप, भाऊ, मुलगा बोलणार. ही स्वतः आली, म्हणजे हिचं कुणी उरलंच नव्हतं.”

उभ्या जन्मात शिपायाने कुणाचा फुकट चहासुद्धा घेतला नव्हता, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! पण दर सोमवारी एक म्हातारी यायची. दिराने बळकावलेल्या घराचा अर्ज घेऊन, गेली दोन वर्षं. ‘तिला आत सोडू नकोस, डोकं खाते,’ असा साहेबांचा हुकूम. मग हा तिला पंख्याखाली बसवी, पाणी देई आणि गोड बोलून वाटेला लावी. आपण तिचं किती करतो, असंच भल्या माणसाला वाटत आलं होतं.

“अगं, मीही त्या कड्यातलाच की,” घरी जाताना तो म्हणाला.

म्हातारीचं बायकोला ठाऊक होतं; त्याच्या मनातलं तिला कळलं. “पेन्शनच्या कागदांवर साहेबांचीच सही लागणाराय. उगाच हात दाखवून अवलक्षण नको.”

सोमवारी म्हातारी आली, सवयीने पंख्याखाली टेकली. “मीटिंग असेल ना साहेबांना? बसते जरा, मग जाते,” तीच त्याला सांभाळून घेत म्हणाली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“नाही मावशी. उठा.”

त्याने दार उघडलं आणि बाहेर न थांबता तिच्या मागोमाग आत गेला. साहेबांचा चेहरा आंबट झाला.

“यांच्यासोबत कोण आलंय?”

शिपायाने समोरची खुर्ची ओढून म्हातारीला बसवलं आणि तिच्या मागे उभा राहिला.

“मी आलोय, साहेब.”