हसरा रोलर आणि गवताचा गोल

मी एक जुना दगडी रोलर आहे, मित्रांनो, आणि तुम्ही माझ्या डोक्यावरून जाता. 'मौजमहाल' नावाच्या करमणुकीच्या बागेतली ती लाल झुकझुक गाडी तुमच्या ओळखीची असेल. कारंज्याला वळसा घालून ती पूर्वेच्या कोपऱ्यात आली की तुम्ही सगळे "हुर्रे" करून ओरडता, कारण भोंग्यातून तसे सांगितलेले असते. बरोबर त्या जागेखाली, सिमेंटच्या थराखाली, एका विहिरीच्या तळाशी मी पडलो आहे. मला कुणी काही विचारलेले नाही, तरीही मी माझी हकीकत सांगणार आहे.

एका पाथरवटाने आणि त्याच्या मुलाने मला काळ्या दगडातून घडवले. रोज संध्याकाळी बाप मला फरशीवर ढकलून द्यायचा आणि मी डुगडुगलो की पुन्हा छिन्नी हातात घ्यायचा. अठरा दिवसांनी मी सरळ गेलो. मग लोहाराने माझ्या पोटातून लोखंडी कणा घातला, त्याला लांब दांडा बसवला आणि एका ट्रकमधून मला मैदानावर आणून टाकले.

मैदान म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काही जणांना सांगावे लागेल. मैदान म्हणजे अशी मोकळी जागा, जिथे शिरताना कुणी तुमच्या मनगटाला पट्टी बांधत नाही. तिथे सकाळी म्हातारी माणसे फिरायची, एकमेकांची दुखणी ऐकायची आणि स्वतःची वाढवून सांगायची. दुपारी बायका सायकल शिकायच्या, पडायच्या, हसायच्या. संध्याकाळी एकाच वेळी चार सामने चालायचे आणि कोणता चेंडू कोणाचा यावरून रोज भांडणे व्हायची. हे सगळे फुकट होते. शहाण्या लोकांच्या डोळ्यांत तेच खुपले असावे.

या मैदानाची राखण एक माणूस करायचा. पोरे त्याला टाचकाका म्हणत. पाणी शिंपडून झाले की काका जागोजागी जमिनीवर टाच मारायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. आवाजावरून जमीन कुठे घट्ट आहे, कुठे पोचट, हे त्यांना कळायचे. मग मला फिरवायचे. पण मी काही एकट्याने हलणारा गडी नव्हतो. माझ्या दांड्याला दोन मुठी होत्या. डावी काकांची आणि उजवी त्यांच्या लेकीची. आईविना वाढलेली ती पोर दांड्याएवढी उंच झाली तेव्हापासून माझ्यामागे होती.

पूर्वेच्या कोपऱ्यात मात्र काकांनी मला कधी नेले नाही. तिथे टाच मारली की आवाज घुमायचा. "हिच्या पोटात पोकळी आहे, विहीर असणार," काका लेकीला सांगायचे. आठ पावलांचा तो गोल त्यांनी तसाच सोडला. तिथे गवत गुडघ्याएवढे वाढायचे. पोरांनी त्याचा नियमच करून टाकला होता: गोलात चेंडू गेला की दोन धावा, आत कोणी जायचे नाही, चेंडू काका लांब काठीने काढून देणार. आईबापांचे न ऐकणारी पोरेही हा नियम पाळायची.

आणि मग मौजमहाल आला. आधी पत्र्याचे कुंपण आले, त्यावर दात दाखवणारी माणसे रंगवली होती. आम्ही तुमच्यासाठी आनंद बांधत आहोत, असे खाली लिहिले होते. माझ्या मैदानात तोपर्यंत लोक काय रडत बसले होते की काय? माती खरवडून त्यांनी वर प्लास्टिकचे हिरवे गवत अंथरले. ते वाढत नाही, सुकत नाही आणि त्याला कसला वासही नाही. ज्यांना ते आवडले, त्यांच्याविषयी मी काही बोलत नाही.

हळूहळू समोरचा रस्ताही बदलला. सुताराच्या दुकानाचे भाडे तिप्पट झाले, तो गेला आणि तिथे सशाच्या कानांच्या टोप्या विकायला आल्या. वाचनालयात आता लोक गाड्या लावतात. आजूबाजूच्या घरांच्या खिडक्या बंद झाल्या, कारण भोंगा दिवसभर ओरडतो, "हसा, हसा, आजचा दिवस तुमचा!" म्हातारी माणसे फिरायला आली, तर पहारेकऱ्याने त्यांना रांग दाखवली. दोन दिवस ती फाटकाशी घुटमळली, मग घरीच बसली.

मला त्यांनी टाकून दिले नाही, हे त्यांचे उपकार नव्हेत. मला उचलायला क्रेन लागली असती, रंगवायला एक डबा पुरला. मला पिवळा रंग फासला, दोन वाटोळे डोळे काढले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हसू काढले. ज्याने उभ्या जन्मात कधी दात दाखवले नाहीत, त्या माझी अशी शोभा केली. लोक माझ्यावर पोरे बसवून फोटो काढू लागले. काकांना प्लास्टिकचे गवत विंचरायला एक ब्रश दिला आणि लेकीला तिकिटाच्या खिडकीत बसवले.

तिथल्या मुख्य साहेबांना सगळे हसरे साहेब म्हणत. हसतमुख राहणे ही तिथे नोकरीची अट होती आणि साहेब ती झोपेतही पाळत असावेत. लाल गाडीचे रूळ पूर्वेच्या कोपऱ्यातून जाणार, हे कळल्यावर काका त्यांच्याकडे गेले.

"साहेब, तिथं खाली विहीर आहे. गाडी जाईल पोटात."

"काका, नकाशात विहीर नाही."

"नकाशा काढणाऱ्यानं टाच मारून बघितली होती का?"

साहेब जास्तच हसले. "तुम्ही ना, फार गोड आहात," ते म्हणाले आणि निघून गेले. काकांनी दोन अर्ज दिले. दोन्ही अर्जांना आलेल्या उत्तरात सूचनेबद्दल आभार मानले होते.

गाडीच्या उद्घाटनाच्या सकाळी पहिल्या फेरीला कर्मचाऱ्यांच्या मुलांना बसवायचे ठरले. वर्तमानपत्रात फोटो चांगला येतो म्हणे. पहिल्या डब्यात काकांची नात, म्हणजे लेकीची मुलगी, होती. सहा वर्षांची, डोक्यावर कागदी मुकुट, खुशीने नुसती फुलून गेलेली. काका तिला उतरवायला गेले, तर पहारेकऱ्याने त्यांना दोरीबाहेर काढले. मग ते लेकीकडे, तिकिटाच्या खिडकीशी गेले.

"बाबा, आज तरी तमाशा नको," लेक दबक्या आवाजात म्हणाली. "ही नोकरी गेली तर खायचं काय?"

"तू ऐकलायस ना गं तो आवाज? माझ्यासोबत लहानपणी शंभरदा ऐकलायस."

लेकीने पुढच्या गिऱ्हाईकाचे तिकीट फाडले. काका सरळ माझ्याकडे आले आणि त्यांनी डावी मूठ धरली. मी वीतभर हललो आणि थांबलो. पुन्हा जोर लावला, पुन्हा वीतभर. काकांच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. तेवढ्यात भोंगा ओरडला, "आणि आता येत आहेत आपले लाडके रोलर आजोबा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे सगळे कार्यक्रमातलेच आहे, असे त्यांना वाटले. एक म्हातारा माणूस जिवाच्या आकांताने दगड ढकलतो आहे आणि शे-दोनशे माणसे मोबाईल वर धरून हसत आहेत. मित्रांनो, ती माणसे तुमच्या-आमच्यातलीच होती, म्हणून तर मला जास्त किळस आली.

तिकिटाच्या खिडकीची फळी खाली पडल्याचा आवाज आला. लेक धावत आली, कंपनीची टोपी तिने भिरकावली आणि उजवी मूठ धरली. मग मात्र मी निघालो. किती वर्षांनी माझ्या दोन्ही मुठींना हात लागले होते! कोपऱ्याकडे जमिनीला जरा उतार होता. गोलाच्या कडेला येताच काका ओरडले, "सोड!" दोघांनी हात काढले आणि मी एकटाच पुढे गेलो. रूळ वाकले, विहिरीवर कधीकाळी टाकलेल्या फरशा कडाडल्या आणि मी त्या काळोखात पडलो.

 वर कुणीतरी टाळी वाजवली. बाकीच्यांना तोवर विहिरीचे तोंड दिसले असावे, कारण त्याला कुणी साथ दिली नाही. "आई, रोलर आजोबा कुठे गेले?" असे काकांची नात विचारत होती. ती विचारत होती, एवढे मला पुरे होते.

पुढचे मला वर झाडणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून कळले. जमीन रोलरमुळे खचली, असा अहवाल आला. म्हणजे दोष माझा! काकांना नुकसान केल्याबद्दल काढले आणि लेकीला ग्राहकांसमोर हसतमुख नसल्याबद्दल. आठवडाभर माझ्यावर सिमेंट ओतले आणि मग गाडी सुरू झाली. लेक आता एका लांबच्या शाळेचे मैदान राखते. तिथल्या लोखंडी रोलरला एक मूठ तिची आणि दुसरी तिच्या मुलीची.

एकदा काका तिकीट काढून आले होते. गाडी या कोपऱ्यात आली तेव्हा त्यांनी पाय खाली सोडला आणि जमिनीवर टाच मारली. हजार टाचांतून ती मी ओळखली असती. "आता भरीव आहे," ते शेजारच्या कुणाला तरी म्हणाले. भोंग्याने "हुर्रे" म्हणायला सांगितले, पण काकांचा आवाज आला नाही.

मित्रांनो, माझ्या तोंडावरचे ते हसू अजून गेलेले नाही, रंग फार पक्का होता. माझे काही मागणे नाही. तुमच्या घराजवळ अजून एखादा मोकळा तुकडा उरला असेल, तर त्याला पत्रा लागण्याआधी तिथे खेळून घ्या आणि पत्रा लावायला कुणी आले तर आडवे या. आणि पुढच्या वेळी गाडी पूर्वेच्या कोपऱ्यात आली की ओरडू नका. गप्प बसा आणि डब्याच्या तळाशी एकदा टाच मारा. मला खाली ऐकू येते.