सिस्टर टोलमन यांचे भांडे आणि माझे पोट

मी एक जुना फ्रिज आहे. मुळात माझा रंग पांढराशुभ्र होता. आता तो करपलेल्या सायीसारखा झाला आहे. आयडाहो राज्यातल्या एका बटाट्याच्या गावात, एका घराच्या तळघरातल्या खोलीत मी उभा आहे. मित्रांनो, स्वतःची कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड गोड बोलतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझ्या पोटात काय काय कुजले आहे ते तुम्ही पाहिले असते, तर तुमच्याही तोंडून गोड शब्द निघाला नसता.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी मोठ्या ऐटीत होतो. माझी पहिली नोकरी नऊ मुलांच्या घरात झाली. त्या घरची बाई दर शनिवारी माझे कप्पे बाहेर काढी, व्हिनेगरच्या पाण्याने पुसे आणि उन्हात वाळवी. पाहुणे आले की म्हणे, "हा फ्रिज माझा दहावा मुलगा, आणि हाच तेवढा शहाणा!" ते दिवस आठवले की आजही मला भरून येते. पुढे मुले मोठी झाली. घरात दारातून बर्फ देणारा नवा फ्रिज आला आणि माझी रवानगी मिशनऱ्यांच्या खोलीवर झाली. आमच्या गावाची ही रीतच आहे. घरात जे नको झाले, ते मिशनऱ्यांना! माझ्याबरोबर स्प्रिंगा तुटलेला एक सोफा आणि एक लंगडे टेबलही आले.

हे मिशनरी म्हणजे एकोणीस-वीस वर्षांची पोरे. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पाटी. घरदार सोडून दोन वर्षे चर्चसाठी दारोदार हिंडायचे, दोघादोघांनी राहायचे आणि जोडीदाराला कधीही एकटे सोडायचे नाही, असा त्यांचा नियम. प्रत्येकाच्या नावाआधी 'एल्डर' लागते. एल्डर म्हणजे वडीलधारा! एका वडीलधाऱ्याने उन्हाळ्यात गार लागावेत म्हणून आपले घामट मोजे माझ्या कप्प्यात, लोण्याच्या शेजारी ठेवले होते. त्या दिवसापासून मी या जमातीसमोर हात टेकले.

खोटे कशाला बोलू, पोरे कष्टाळू असतात. पहाटे उठून गुडघे टेकून प्रार्थना करतात. शर्टाला इस्त्री, बुटांना पॉलिश. थंडीत नाके लाल करून परत येतात. लोकांनी तोंडावर दार आपटले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच हौसेने निघतात. बाहेरून असे चकाचक, आणि माझे दार उघडले की शिसारी! काकडीचे पाणी झालेले. दुधाचा खोका फुगलेला. गाजराचा कीस घातलेली हिरवी जेली, जी कुणालाच आवडत नाही, पण प्रत्येक घरून येते.

हे सगळे साचण्याचे कारण सांगतो. गावातल्या बायका आळीपाळीने रोज संध्याकाळी या पोरांना जेवायला बोलावतात आणि निघताना उरलेले हातात देतात. नाही म्हणणे शिष्टाचारात बसत नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी जेवण, तिथून दुसरा डबा. शिवाय दर काही आठवड्यांनी बदलीचा फोन येतो. एक जातो, दुसरा येतो. त्यामुळे माझ्या पोटातले काहीही कुणाचेच नसते. "हे आधीच्याचं असणार," असे म्हणून प्रत्येक जण नाक धरतो आणि दार लावून घेतो. माझे नाक कोण धरणार?

एल्डर हॅडलॉक आणि एल्डर विंबर्ली इथे होते तेव्हाची गोष्ट. हॅडलॉक युटाचा, जुना, बोलण्यात पटाईत. विंबर्ली जॉर्जियाचा, नवा, घुम्या. एके संध्याकाळी ते सिस्टर टोलमन यांच्याकडे जेवून आले. चर्चमधल्या बायकांना इथे 'सिस्टर' म्हणतात; ही म्हातारी विधवा बाई धान्याच्या कोठारापलीकडे एकटीच राहते. तिने काचेचे मोठे भांडे भरून 'मयताचे बटाटे' दिले होते. दचकू नका. किसलेले बटाटे, भरपूर चीज आणि वर कुरकुरीत मक्याचे पोहे, असा हा पदार्थ. मयताच्या जेवणात हमखास असतो म्हणून हे नाव, पण आमच्याकडे तो लग्नातही आवडीने खातात. भांड्याच्या तळाला चिकटपट्टी, तिच्यावर बाईचे नाव. अशी भांडी धुऊन परत करायची, ही गावातली साधी पद्धत.

हॅडलॉकने ते भांडे माझ्या तळच्या कप्प्यात पार मागे ढकलले. पुढे डबे येत गेले आणि भांडे दिसेनासे झाले. मला मात्र ते क्षणोक्षणी जाणवत होते. पुष्कळ दिवसांनी विंबर्लीने लोणचे शोधता शोधता त्याचे झाकण उचलले. आत हिरवी-काळी लव उगवली होती.

"एल्डर, हे हलतंय," तो मागे सरकत म्हणाला.

"हलत नाहीये. फ्रिज थरथरतोय. झाकण लाव!"

"टाकून देतो ना. भांडं घासून परत करू."

"सोमवारी. सोमवारी सगळं साफ करू."

सोमवार हा त्यांचा सुट्टीचा, धुण्या-पुसण्याचा दिवस. त्या सोमवारी ते बास्केटबॉल खेळायला गेले. पुढच्याही. बुरशी माझ्या पोटात आणि लाज त्यांच्या पोटात, दोन्ही वाढत गेल्या. बाई भांड्याचे विचारील या भीतीने त्यांनी कोठारापलीकडचा रस्ताच सोडला. रविवारी चर्च सुटले की मागच्या दाराने पळ काढू लागले.

आणि मग सिस्टर टोलमन यांचा फोन आला. हॅडलॉकने तो स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला होता, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"पोरांनो, गुरुवारी माझ्या कमरेचं ऑपरेशन आहे. त्याआधी येऊन डोक्यावर हात ठेवून जाल का? आमचे हे असते तर त्यांनीच आशीर्वाद दिला असता. बिशप देतील म्हणा, पण मला तुम्हीच हवेत. चार पोरं मिशनवर पाठवली मी. तुमच्यात मला तीच दिसतात. भीती वाटते रे."

"येतो ना सिस्टर! नक्की येतो," हॅडलॉक म्हणाला. फोन ठेवला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. "भांडं न घेता कसं जायचं? आणि हे असलं भांडं घेऊन तरी कसं जायचं?"

ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मित्रांनो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अनोळखी माणसांची बंद दारे ही पोरे बेधडक ठोठावत होती, कुत्र्यांना भीत नव्हती, शिव्यांना भीत नव्हती. आणि गावात जे एक दार त्यांच्यासाठी हमखास उघडले असते, तिथे जायचे मात्र ती टाळत होती. घाबरलेली म्हातारी तिकडे वाट पाहत बसली होती आणि कारण काय, तर न घासलेले भांडे! मला बुरशीची किळस येते हे खरे, पण तेव्हा त्या दोघांची जास्त आली.

बुधवारी दुपारी दार वाजले. विंबर्लीने तळघराच्या खिडकीतून वर पाहिले. "सिस्टर टोलमन आल्यात!"

हॅडलॉक न्हाणीघराकडे धावला. "सांग, मी घरी नाहीये!"

"मी घरी आहे म्हणजे तूही घरीच आहेस. आपण एकेकटे कुठे जात नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे!"

विंबर्लीने दार उघडले. दुखरी कंबर घेऊन, काठी टेकत, बाई तळघराच्या पायऱ्या उतरून आली होती. तिला धाप लागली होती.

"आत येत नाही. बाईमाणसानं तुमच्या खोलीत यायचं नाही, ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "एकच विचारायचंय. माझ्या हातून काही चुकलं का रे?"

विंबर्ली माझ्याकडे आला, दार उघडले आणि पुढचे डबे बाजूला सारू लागला. "नको, एल्डर!" हॅडलॉक न्हाणीघराच्या दाराआडून ओरडला. पण विंबर्लीने ते भांडे काढून उंबऱ्याशी नेले आणि झाकण उघडले. असा भपकारा उठला की विचारू नका.

बाईने खिशातला रुमाल नाकाला लावला. "हे... माझे बटाटे?"

"हो, सिस्टर. आम्ही खाल्लेच नाहीत. मग परत करायची लाज वाटली. म्हणून तुम्हाला तोंड दाखवलं नाही."

मला वाटले, बाई हसेल. ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि आवाज चढला. "भांड्यापायी? अरे, कपाटभर भांडी आहेत माझ्याकडे! मला वाटलं, माझ्या धाकट्यानं चर्च सोडलं म्हणून तुम्हीसुद्धा माझं दार सोडलंत. उद्या टेबलावर पडायचं आणि डोक्यात हेच!"

हॅडलॉक खाली मान घालून बाहेर आला. त्याने नळाखाली कितीतरी वेळ हात धुतले. मग दोघांनी खुर्ची दाराबाहेर मांडली आणि बाईला बसवले. विंबर्लीने किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेली, आशीर्वादासाठीच्या तेलाची कुपी उघडून थेंबभर तेल तिच्या केसांवर लावले. दोघांनी डोक्यावर हात ठेवले आणि हॅडलॉक प्रार्थना करू लागला. एरवी त्याची प्रार्थना घडाघडा वाहते. त्या दिवशी तो अडखळत होता, मधेच थांबत होता. सगळा वेळ ते भांडे तिथेच उघडे होते. कुणी नाक धरले नाही.

संध्याकाळी त्यांनी माझा कप्पा न् कप्पा बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी बाईचे ऑपरेशन नीट पार पडले. भांडे तिच्या उशाशी पोहोचले, घासून लखलखीत.

पुढे दोघांच्याही बदल्या झाल्या. नवी जोडी आली आहे. तळच्या कप्प्यात मागे पुन्हा एक डबा बसला आहे आणि मला त्याचा वास येऊ लागला आहे. माझे काय, मी लोखंडाचा आहे, सोसीन.

पण मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. कुणाचे भांडे तुमच्याकडे राहिले असेल तर आजच घासून परत करा. घासवत नसेल तर तसेच घाण घेऊन जा. शिव्या बसल्या तर खा. पण भांडे लपवून त्या माणसाचे दार टाळू नका. त्याला भांडे आठवतही नसते. आपले काय चुकले, हेच तो एकटा बसून शोधत असतो.