डाव्या टोकाची आई

स्टुडिओत तिला सगळे ‘काजळ’ म्हणत. फोटोच्या कडा हळूहळू गडद करत न्यायच्या, म्हणजे बघणाऱ्याची नजर आपसूक हव्या त्या चेहऱ्यावर जाऊन थांबते. या कामाला तिथे व्हिनेट म्हणत आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवशिके कडा अशा काळ्याकुट्ट करत की माणूस पाइपातून डोकावतोय असं वाटावं. काजळने केलेलं कळायचंसुद्धा नाही. हे तिला ठाऊक होतं आणि ती ते लपवतही नसे.

एका सकाळी एक शिक्षिका जुना फोटो घेऊन आली. कपड्यांच्या कारखान्यातली चाळीस माणसं तीन रांगांत उभी, मधोमध खुर्चीत पोट सावरून बसलेले मॅनेजर, आणि मागे अगदी डाव्या टोकाला शिक्षिकेची आई.

“तीस वर्षं शिवणयंत्रावर बसली, आणि तिचा तिथला हा एवढा एकच फोटो,” शिक्षिका म्हणाली. “तिला कापून मध्ये आणता येईल?”

“येईल, पण मी आणणार नाही,” काजळ म्हणाली. “त्या होत्या तिथेच राहू देत. उजेड सरकवू.”

स्टुडिओचे मालक, तिचे सख्खे काका, मागून कुरकुरले. “अगं, व्हिनेट मधोमध असतं. फोटो एका अंगाला कलेल.”

“काका, बघा तर खरं.”

तिने संगणकाच्या पडद्यावर उजेडाचं लांबट वर्तुळ डावीकडे ओढून आईच्या चेहऱ्यावर आणलं आणि त्याची कड मऊ मऊ करत नेली. मॅनेजर पोटासकट सावलीत गेले. “हं,” काका म्हणाले. त्यांचं ‘हं’ म्हणजे दुसऱ्या कुणाची शाबासकी.

दुसऱ्या दिवशी फोटो न्यायला लेकीबरोबर आईही आली. तिने चष्मा पुसला, मॅनेजरांकडे बघून खुदकन हसली. “बरा सापडला! खिडकीपाशी बसू देत नव्हता मेला.” मग तिचं बोट शेजारच्या काळवंडलेल्या चेहऱ्यावर थांबलं.

“हिला का घालवलंत? मी बाह्या जोडायचे, ही कॉलर. मी बाळंत झाले तेव्हा माझ्या वाटचं काम हिने उरकलं, म्हणून नोकरी टिकली माझी. हिला अंधारात ठेवून मी कशी गं उजेडात उभी राहू?”

“आई, त्यांनी एवढं मन लावून केलंय…” लेक ओशाळली.

काजळच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिचे कान तापले. पण कुठे चुकलं तेही तिला तिथल्या तिथे कळलं. हात नीट चालला होता, विचारायचंच राहून गेलं होतं. तिने खुर्ची पुढे ओढली.

“बसा मावशी. तुम्ही सांगाल तिथे थांबते.”

पडद्यावरचं वर्तुळ रुंदावू लागलं.

“अजून जरा… कॉलरवाली दिसू दे नीट. तिच्या पलीकडची पण घे, इस्त्रीवाली. भांडकुदळ होती, पण मनात काही ठेवायची नाही. हां, बस्स!”

टोकाच्या तीन बायका उजळल्या. फोटो कलला नाही, उलट आता कुठे तो भरल्यासारखा वाटला. काकांचं ‘हं’ या वेळी चांगलं लांबलं.

“दोन प्रती काढ,” मावशी म्हणाली. “कॉलरवाली पलीकडच्याच गल्लीत राहते. जाता जाता तिला देते, म्हणजे चहाही होईल.”