टेकाडातली गोल भिंत

मृग चार दिवसांवर आला होता आणि श्रीपतरावांच्या घराच्या धाब्यावर अजून निम्मी माती पडायची होती. भोकरदनात धाब्याला माती लागायची ती गावाबाहेरच्या टेकाडाचीच, पांढरी, पाणी गळू न देणारी. दरसाल त्यांचा गडी कडूबा तिथं खणायचा. खापऱ्या, मणी निघाले की बाजूला फेकायचा. त्या सकाळी मात्र त्याची कुदळ विटांवर वाजली. हातभर लांब विटा, नीट रचलेल्या.

श्रीपतरावांची लेक अरुंधती जालन्याहून सुट्टीला आलेली. आठवीत गेली होती आणि यंदापासून वर्गात हात वर करायला बिलकुल भीत नव्हती. ती धावतच खड्ड्यात उतरली. भिंत सरळ जात नव्हती, वळत होती! शाळेतल्या उषाबाईंनी निजामाच्या घराण्याचा धडा लवकर आटपून फळ्यावर स्तूप काढला होता, तो अस्साच गोल.

मग काय, तोंडाला खळ नाही. बुद्धाचा धर्म व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर कसा पसरला, पैठणचा माल भडोचला जाऊन जहाजानं रोमला कसा पोचायचा, ते तांडे इथंच उतरले असतील, सगळं तिनं एका दमात सांगितलं.

श्रीपतराव म्हणाले, जुना आड आहे तो, फोडा विटा. धाबं गळायला लागलं तर रोमहून कुणी येणार नव्हतं.

कडूबानं कुदळ उचलली. अरुंधती आडवी आली.

"कडूबामामा, तुम्ही किती आड बांधले?"

"धा-बारा."

"मंग हात लावून सांगा, हा आड आहे का."

कडूबा उकिडवा बसला. विटांवरून दोन्ही अंगांनी हात फिरवला.

"मालक, आडाची वीट आतून साफ ठेवतेत. ही भाईरून साफ हाय. आत नुसता भराव. ह्याला लोक भाईरूनच बघत व्हते."

श्रीपतरावांनी स्वतः हात फिरवून पाहिला. बराच वेळ. मग म्हणाले, पलीकडच्या टोकाला खणा. तिकडं गाडी जात नाही, तेव्हा माती डोक्यावरून आणावी लागेल, आणि ती ही पोरगीच आणेल.

तिनं आणली. खेपेगणिक कडूबाला सांगत राहिली: भिक्खू आठ महिने हिंडायचे, पावसाळ्यात एका जागी मुक्काम करायचे.

नवव्या टोपलीला त्यानं विचारलं, "मंग त्यांच्या धाब्यावर माती कोन टाकत व्हतं?"

हे तर उषाबाईंनी शिकवलंच नव्हतं! अरुंधतीला इतका आनंद झाला की ती भरली टोपली डोक्यावर घेऊन पळतच सुटली.