इंद्रायणीचं शेवटचं टपाल

माझ्या आयुष्यभराच्या कामाला नवऱ्याने प्लास्टिक फासलं, तेव्हा मी मंडईत सुरण निवडत होते. घरी आले तर जेवणाच्या टेबलावर माझी पाकिटं मांडलेली. चकचकीत, कडा सरळ कापलेल्या. शेजारी श्यामसुंदर दोन्ही हात मागे बांधून उभे, बोटीवर तपासणीला राहायचे तसे.

"बघ," ते म्हणाले, "लॅमिनेट करून आणली. आता शंभर वर्षं काही होत नाही."

मी पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीत बसले. 

श्यामसुंदर नौदलात होते. आयएनएस इंद्रायणी नावाच्या लढाऊ बोटीच्या इंजिनरूममध्ये त्यांची बरीचशी नोकरी गेली. मी इथे नारायण पेठेत. त्यांची पत्रं यायची, पण बोट कुठे आहे ते लिहायला मनाई. त्यामुळे प्रत्येक पत्राची सुरुवात तीच: 'कुठे आहे ते सांगता येत नाही. बरा आहे.' बाकी बायका पत्र वाचायच्या, मी पाकीट वाचायला लागले. एका कोपऱ्यात बोटीचा जांभळा रबरी शिक्का, तिकिटावर मुंबईच्या फ्लीट मेल ऑफिसचा काळा गोल शिक्का. पत्रावरची तारीख आणि काळ्या शिक्क्याची तारीख यांत अंतर पडलं, की समजायचं, स्वारी लांब समुद्रात होती. पुढे मी इतर खलाशांच्या घरची पाकिटंही मिळवली. जांभळ्या शिक्क्यातल्या नांगराचा दोर कधी झिजला, नवा शिक्का कधी आला, सगळं लावून काढलं. तिकिटं जमवणारे वेगळे हो. मी एका बोटीच्या टपालाचा इतिहास जमवत होते, आणि माझा नियम एकच: पाकीट खरोखर प्रवास केलेलं पाहिजे. संग्राहकांसाठी छापून, जागच्या जागी शिक्का मारून दिलेली पाकिटं मी हातात धरत नाही.

यंदा इंद्रायणी निवृत्त होणार होती. त्यानंतर भंगार. त्याच महिन्यात आमच्या टपाल-संग्राहक मंडळाचं पुण्यात प्रदर्शन होतं आणि त्यात पाकिटांची पानं लावायला एक मोठी चौकट मला मिळाली होती. त्या बोटीच्या टपालाची गोष्ट सलग सांगणारा संग्रह दुसऱ्या कुणाकडे नव्हता. आता मांडली नाही, तर ती कधीच मांडली जाणार नव्हती.

मी एका पाकिटाचं प्लास्टिक कोपऱ्यातून सोलून पाहिलं. जांभळा शिक्का कागद सोडून प्लास्टिकबरोबर निघून आला.

"बोटीवर टिकवायचं ते सगळं आम्ही लॅमिनेटच करायचो," श्यामसुंदर म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. "खारट हवेत कागद राहत नाही."

"अहो, आपण नारायण पेठेत राहतो. इथली हवा खारट नाही. आत्तापर्यंत तरी नव्हती!"

ते गॅलरीत गेले आणि झाडांना पाणी घालत बसले. सकाळीच घातलेलं होतं. चुकलो म्हणायची या माणसाला सवय नाही, आणि त्या दिवशी मला त्यांचं तोंड बघायचीही इच्छा नव्हती. मी मोरीचं दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांना, दत्तप्रसादांना, फोन करून सगळं सांगितलं.

"अरेरे! हेमाताई, नाव मागे घ्या मग," ते म्हणाले. "लॅमिनेट केलेलं आम्ही लावत नाही, तुम्हीच तो नियम करून घेतलात. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी बोट नसेल."

"पण आत्ता तुमच्याकडे पाकिटं नाहीत!"

"म्हणून तर जमवणार आहे. तुम्ही चौकट रिकामी ठेवा. ती भरायची कशी, ते माझं मी बघते."

मग मी श्यामसुंदरांच्या समोर कागद-पेन आपटलं आणि सोबतच्या खलाशांची नावं मागितली. त्यांनी मुकाट्याने दिली. मी एकेकाला फोन लावत सुटले. बहुतेकांच्या घरी पत्रं कधीच रद्दीत गेलेली. साताऱ्याच्या एका गृहस्थांनी मात्र अभिमानाने सांगितलं, "आहेत ना वहिनी, सगळी आहेत. लॅमिनेट करून ठेवलीत!" मी फोन ठेवला आणि श्यामसुंदरांकडे असं पाहिलं, की ते पुन्हा झाडांकडे निघाले.

"झाडं मरतील," मी म्हटलं. "चला, खराडीला जायचंय."

खराडीला मच्छिंद्र राहतो. बोटीवर स्वयंपाकी होता. त्याच्या घराभोवती आता आयटीच्या काचेच्या इमारती, मध्ये याचं दुमजली घर आणि दारात एकच म्हैस. पत्रांचं काय झालं ते त्याला आठवेना. त्याची बायको प्रेमला आत गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात बी होतं. मेथी, धने, पालक, गवार, आणि प्रत्येक जिन्नस नौदलाच्या पाकिटात! जांभळा शिक्का, काळा शिक्का, आणि वर पेन्सिलीने लिहिलेलं 'मेथी'.

"कागद जाड व्हता त्यो," प्रेमला म्हणाली. "बी चांगलं ऱ्हायचं."

"प्रेमलाबाई, ही मला द्याल? प्रदर्शनाला?"

"न्या की ताई. पेरायला आता रान कुठं ऱ्हायलंय? हितं समद्या काचाच हाईत." मग जरा थांबून म्हणाली, "बी तेवढं ठिवून जावा."

मी बी वाटीवाटीत काढून दिलं. 'मेथी' मात्र पुसलं नाही. बोटीवरून आलेलं पाकीट घरात कशाला लागलं, हाही टपालाचाच इतिहास, आणि ज्याला पटत नसेल त्याने माझ्याशी येऊन भांडावं. मच्छिंद्रने पुढची नावं दिली, त्यांनी आणखी पुढची. येरवड्याच्या एका घरी देवाच्या तसबिरीमागे पाकिटं निघाली, तर एकांनी पोराच्या वहीला घातलेली कव्हरं सोडवून दिली. कुठे डाग, कुठे हळद. पण शिक्के शाबूत. चौकट भरत आली.

चौकटीतलं शेवटचं पान राहिलं. बोटीच्या निरोपाच्या दिवसाचं टपाल.

"मी जातो," श्यामसुंदर म्हणाले. "जुन्या लोकांना मुंबईला बोलावलंय."

"जा. पण ते सोनेरी छापाचं आठवणीचं पाकीट आणाल, तर दारातून आत घेणार नाही. पाकिटाला आणि तुम्हाला, दोघांनाही."

गेले आणि परत आले. हातात टोपी आणि बिस्किटांचा पुडा.

"काही आणलं नाहीत?"

"तूच नको म्हणालीस," ते म्हणाले आणि जोडे काढायला बसले.

माझा असा संताप झाला! माणसाने इतकं सरळ वागावं? खरं टपाल मिळवायला काही डोकं चालवता आलं असतं. मी शेवटचं पान कोरंच ठेवलं. ते मात्र रोज पोस्टमनच्या वेळेला दाराशी घुटमळायचे. पेन्शनचा कागद यायचा असेल, असं मला वाटलं.

चौकट लावायच्या दिवशी सकाळी मी पानं पिशवीत भरत होते, तेवढ्यात बेल वाजली. दार त्यांनीच उघडलं. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले, हात मागे न बांधता, आणि एक पाकीट पुढे केलं.

साधं पांढरं पाकीट. बोटीचा जांभळा शिक्का तिरका, त्यातला नांगर अर्धाच उठलेला. तिकिटावर काळा गोल शिक्का, तारीख निरोपाच्या दिवसाची. पत्त्यावर माझं नाव, त्यांच्या अक्षरात. कडेला पोस्टमनच्या ओल्या बोटाचा डाग. खरा प्रवास करून आलेलं पाकीट.

"बोटीच्या टपालपेटीत टाकलं होतं," ते म्हणाले. "वेळेत येतं की नाही, धास्ती होती."

मी कागद कापायच्या सुरीने कड अलगद सोडवली. आत एकच चिठ्ठी.

'मुंबईच्या गोदीत आहे, बोटीच्या मागच्या डेकवर. आता सांगायला हरकत नाही. बरा नाही. तुझ्या पाकिटांचं मी फार वाईट केलं. चुकलो, हेमा.'

मला अक्षरं दिसेनात. ते म्हणाले, "रडू नकोस, कागदावर पडेल." मग स्वतःच डोळे पुसायला लागले.

दुपारी हॉलमध्ये दत्तप्रसाद आमच्या चौकटीपुढे वाकून उभे होते. शेवटच्या पानावर त्यांनी भिंग बराच वेळ धरलं.

"झकास! पण हेमाताई, आतलं पत्र कुठाय? नियमाप्रमाणे तेही शेजारी लावलं तर परीक्षकांकडून गुण वाढतील."

"पाकीट प्रदर्शनाचं आहे," मी म्हटलं. "पत्र मला आलंय."