चार दिवसांची बशी

काकूंच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती, फेटणारी आणि मळणारी. फेटायला मनगट लागतं, मळायला नुसतं वजन. सत्तावीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या केक विभागात अंडी फेटली होती आणि भिंतीपलीकडच्या बिस्किट विभागाकडे नाक मुरडूनच पाहिलं होतं. त्या विभागाचा मुख्य त्यांचा सख्खा दीर, हे नशिबाचे भोग. घरी त्या त्याला भावजी म्हणत, कारखान्यात पीठमळ्या.

भांडण लागलं ते 'गादी'वरून. गादी म्हणजे तळाशी केकचा लहानसा मऊ गोल, त्यावर संत्र्याच्या जेलीचा थर आणि वरून चॉकलेट. चहाबरोबर लोक पुडेच्या पुडे फस्त करत. केक विभाग जगत होता तो या एका गादीवर. आता वरून फतवा निघाला की गादीचा आकार बिस्किटाचा, पुडा बिस्किटाचा, दुकानातली फळीही बिस्किटांचीच. तेव्हा ती बिस्किट विभागात जाईल. म्हणजे केक विभागाला कुलूप, आणि काकूंसकट सहा बायका पुडे चिकटवायला.

शेवटचा निर्णय घ्यायला साहेबांनी एक सल्लागार बोलावला. त्याने पट्टी काढून गादी मोजली. जन्मात अंडं न फोडलेला हा गृहस्थ केक कशाला म्हणावं ते काकूंना समजावून सांगू लागला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मनात म्हणत काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग त्या साहेबांकडे वळल्या.

"एका बशीत केकचा तुकडा, एक बिस्किट आणि एक गादी ठेवा. चार दिवस उघडी. केक वाळून कडक होतो, बिस्किट हवेने मऊ पडतं. गादी कुणाच्या वाटेने जाते ते बघा."

साहेबांना हे फार शास्त्रीय वाटलं. त्यांनी बशी जातीने आपल्या खोलीत नेली.

पाचव्या दिवशी सगळे त्या खोलीत जमले. साहेबांनी कपाटातून घट्ट झाकणाचा डबा काढला आणि डब्यातून बशी. मुंग्या लागतील म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी ती डब्यात बंद केली होती, आणि हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. केक मऊ, बिस्किट कुरकुरीत, गादी जशीच्या तशी. फरक सिद्ध होत नाही, असं सल्लागाराने लिहून घेतलं. एवढ्या शिकलेल्या दोन डोक्यांत मिळून उघडी या शब्दाला जागा नव्हती.

काकूंना या मंडळींची अक्कल आधीच माहीत होती. त्यांनी पिशवीतून त्याच तीन वस्तूंची दुसरी बशी काढली. ती चार दिवस त्यांच्या टेबलावर उघडी होती. पण सल्लागार म्हणाला, ही अधिकृत नाही, गादी घरी भट्टीत कडक करून आणली नाही कशावरून? साहेबांनी मान डोलावली आणि अहवाल सहीसाठी दिरापुढे सरकवला. त्याने सही केली की गादी त्याची. काकूंना खात्री होती की तो करणार. आयुष्यात या माणसाने कधी तोंड उघडलं नव्हतं.

दिराने पेन बाजूला ठेवलं. काकूंच्या बशीतलं बिस्किट उचलून दोन बोटांत वाकवलं. ते न मोडता वाकलं. मग गादी उचलून टेबलावर आपटली. ठक असा आवाज झाला.

"भट्टीत माझं बिस्किट असं होत नाही, साहेब. चार दिवस उघड्यावर राहिलं तरच होतं. वहिनींची बशी खरी आहे. गादी केकच आहे."

अहवाल फाटला. पुडे आधीच छापून झाले होते, म्हणून त्यांवर बिस्किट हा शब्द तसाच राहिला, आणि साहेबांनी हा मधला मार्ग आपणच शोधला असं सर्वांना सांगितलं. केक विभाग उघडा राहिला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत काकू सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा भिंतीपलीकडे गेल्या आणि दिराकडे एक बिस्किट मागितलं. त्यांनी ते चहात बुडवलं, बराच वेळ धरलं, तरी तुटलं नाही. खाल्लं. चांगलं होतं. हे बोलून दाखवायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं, म्हणून त्यांनी आणखी एक मागितलं.